सांगाडा साठ वर्षांचा, इंजिन कालचं

परभणी जिल्ह्यात ‘बोट’ म्हटलं की बहुतेकांना आधी वाळू आठवते. गोदावरीच्या पात्रात उपसा करणारी, ट्रकचं जुनं इंजिन छातीवर घेऊन धडधडणारी बोट, आणि पाठोपाठ महसूलच्या पथकानं ती जिलेटिन लावून उडवल्याची बातमी. त्याखालोखाल आठवतो तो थर्माकोलचे ठोकळे बांधून केलेला चप्पू. जाळं टाकायला तोच आणि अडलेल्या गावाला नदी ओलांडायलाही तोच. निव्वळ हौसेनं, गळानं मोठा मासा खेळवून पकडण्यासाठी बांधलेली दोन इंजिनांची बोट ही काही आपल्याकडची वस्तू नाही. पण अशी जुनी बोट नव्यानं उभी करताना जे प्रश्न येतात, ते विहिरीवरच्या पाच एचपीच्या ऑइल इंजिनाशी आयुष्यभर झटलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. म्हणून हा लेख.

जुन्या बोटींच्या शौकिनांमध्ये ज्या एका बोटीचं नाव सर्वांत आदरानं घेतलं जातं, ती म्हणजे अमेरिकेतली ‘बर्ट्रम ३१’. तिची जन्मकथा मजेदार आहे. १९५८ साली न्यूपोर्टला शिडाच्या नौकांच्या शर्यतींची धामधूम चालू असताना डिक बर्ट्रम या बोटविक्याला खवळलेल्या पाण्यातून भरधाव जाणारी एक छोटी बोट दिसली. ती रे हंट या रचनाकाराची होती. तोवर वेगवान बोटींचा तळ मागच्या बाजूला जवळजवळ सपाट असे. शांत पाण्यात तो झकास पळतो. लाट आली की मात्र असा आदळतो की माणसांचे मणके आणि बोटीचे सांधे दोन्ही खिळखिळे होतात. हंटनं तळाचा इंग्रजी ‘व्ही’सारखा उतार पुढच्या टोकापासून, म्हणजे नाळेपासून, थेट शेपटापर्यंत तसाच ठेवला. त्यामुळे लाटेवर आपटण्याऐवजी बोट ती कापत जाऊ लागली.

बर्ट्रमनं हंटकडून साधारण तीस फुटांची लाकडी बोट करून घेतली आणि बायकोच्या लाडक्या नावावरून तिला ‘मॉपी’ म्हटलं. एप्रिल १९६० मध्ये मायामी ते नासाऊ शर्यतीत समुद्र इतका खवळला होता की बऱ्याच बोटींनी मध्येच माघार घेतली. मॉपी आठ तासांत पोचली. दुसरी आली ती सुमारे दोन तासांनी, आणि तीही हंटच्याच आराखड्याची. तिसरी दुसऱ्या दिवशी उगवली. मग त्याच लाकडी मॉपीवरून साचा काढून फायबरग्लासची बोट तयार झाली, १९६१च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात मांडली गेली आणि १९८०च्या दशकापर्यंत तिच्या अठराशेहून जास्त प्रती निघाल्या. शेपटाकडे तळाचा उतार २४ अंश, रुंदी अकरा फुटांच्या थोडी वर. तिच्यात खोड नाही असं नाही. इंजिन बंद करून मासा खेळवत उभी राहिली की ती दोन्ही अंगांनी अशी डुलते की कच्च्या पोटाच्या माणसाची धडगत नाही.

ती आजही वापरात आहे याचं कारण फायबरग्लासच्या बालपणात दडलेलं आहे. हे नवं साहित्य नेमकं किती मजबूत, याचा १९६०च्या सुमारास पुरता अंदाज नव्हता. म्हणून कारखान्यांनी भीतीपोटी जाडजूड थर चढवले. पुढे हिशेब कळला तसे थर पातळ झाले आणि मध्ये हलक्या लाकडाचं भरण आलं. साठ वर्षांपूर्वीचा तळ ठणठणीत आणि त्यानंतरची एखादी बोट आतून कुजलेली, असं उलटं चित्र त्यामुळे दिसतं.

म्हणून जुनी बोट घेणारा जाणता माणूस आधी इंजिनाचं झाकण उघडत नाही. तो खिशातून प्लॅस्टिकच्या तोंडाचा छोटा हातोडा काढतो आणि तळावर, कडेला, मागच्या उभ्या भिंतीवर वीतभर अंतरानं टकटक करत जातो. आवाज टणक आणि तुटक आला तर ठीक. बोदा, मेल्यासारखा आला तर तिथे थर सुटले आहेत किंवा आतलं लाकूड पाणी पिऊन बसलं आहे. मग ओलाव्याचा मीटर लावून खात्री करतात. बर्ट्रमचा तळ अखंड फायबरचा असला, तरी वरच्या डेकमध्ये, फळ्यांमध्ये आणि इंजिन ज्यावर बसतं त्या आडव्या-उभ्या आधारांत प्लायवुड असतं. पाणी शिरतं ते बहुधा कुणीतरी नंतर मारलेल्या स्क्रूच्या भोकातून. गळ टेकवायची नळी, दिवा, पंप असं काहीबाही बसवताना भोकाला रेझिनचा लेप न देण्याचा आळस वीस वर्षांनी लाखांत वसूल होतो. कुजलेला भाग कापून काढणं, कोरडा करणं, नवं लाकूड रेझिननं बंदिस्त करणं, वर काचतंतूचे थर चढवणं हे काम सावकाशीचं. ग्राइंडरची भुकटी कपड्यात शिरली की दोन दिवस अंग खाजतं.

आता इंजिन. या बोटी आल्या तेव्हा त्यांत बहुधा पेट्रोलची दोन इंजिनं असत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. म्हणून चावी फिरवण्याआधी चार मिनिटं पंखा लावून तळघर मोकळं करायचं, हा नियम. तो मोडणाऱ्यांच्या बोटींचे स्फोट झालेले आहेत. दुसरी भानगड २००४ नंतर उघड झाली. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या राज्यांत पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली आणि जुन्या बोटींच्या फायबरग्लासच्या टाक्या त्यात हळूहळू विरघळू लागल्या. विरघळलेलं रेझिन इंधनाबरोबर इंजिनात जाऊन व्हॉल्व्हवर काळ्या डिंकासारखं चिकटलं. चांगली चालती इंजिनं बसली.

परभणीच्या वाचकानं इथे कान टवकारावेत. ज्या उसाच्या जोरावर आपल्याकडचे कारखाने चालतात, त्यापासूनही बनणारं इथेनॉल आता देशाच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत पोचलं आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते बरंच आहे. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की दोन्ही मिळून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. गाडी रोज फिरते, तिची टाकी रिकामी होत राहते. वर्षातून एकदा, पुराच्या दिवशीच बाहेर निघणारी बचाव बोट मात्र वर्षभर तेच पेट्रोल पोटात घेऊन गोदामात पडून असते. ऐन वेळी दोरी ओढून खांदे गळून गेले तरी ती चालू होत नाही, यात नवल नाही. इंधन संपवून मगच इंजिन ठेवणं आणि दर महिन्याला ते पिंपातल्या पाण्यात पाच मिनिटं चालवणं, एवढ्यावर हा प्रश्न सुटतो. तेवढंच कुणी करत नाही.

तर, पेट्रोलच्या जागी डिझेल. ढोबळ हिशेब असा की पूर्ण ताकदीवर चालवलं तर २०० एचपीचं जुनं पेट्रोल इंजिन तासाला ७५ लिटरच्या आसपास पितं, डिझेल त्याच्या निम्म्यात भागवतं. पण डिझेल इंजिन जड असतं आणि बर्ट्रमसारख्या बोटीत ते मागच्या मोकळ्या भागात, पेटीखाली बसतं. वजन मागे वाढलं की शेपूट बसतं, नाळ वर होते, आणि लाट कापण्यासाठी दिलेला तो ‘व्ही’ हवेत राहतो. म्हणून इंजिन बदलताना टाकी, बॅटऱ्या, पाण्याची पिंपं पुढे सरकवावी लागतात. बोटीचा तोल हा तराजूसारखा आहे. एका पारड्यात काही टाकलं की दुसऱ्यात हात घालावाच लागतो. आजची कॉमन रेल इंजिनं जुन्या डिझेलपेक्षा बरीच हलकी आहेत, म्हणून हा खटाटोप आता जमू लागला आहे.

एचपीचा मोह हा सगळ्यात खर्चिक आजार. तळानं पाणी बाजूला सारत जाणाऱ्या साध्या बोटीचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ नं गुणा. २५ फुटांना उत्तर येतं ६.७ नॉट, म्हणजे ताशी साडेबारा किलोमीटरच्याही आत. अशा बोटीत दुप्पट ताकदीचं इंजिन टाकलं तर वेग जेमतेम हलतो. धूर आणि बिल मात्र दुप्पट. पाण्यावर चढून सरपटणाऱ्या बर्ट्रमसारख्या बोटीला हे सूत्र लागू नाही. तिथे ताकद कामी येते, पण ती पाण्यात उतरवतो शाफ्टच्या टोकाला पाण्याखाली फिरणारा पंखा.

पंख्याचं गणित बघण्यासारखं आहे. समजा इंजिन मिनिटाला २,८०० फेरे मारतं आणि गिअरचं प्रमाण १.७५ आहे. पंख्याला मिळाले १,६०० फेरे. पंख्याचा पिच २१ इंच, म्हणजे एका फेऱ्यात तो कागदावर २१ इंच पुढे सरकतो. गुणाकार करून नॉटमध्ये बदलला की २७ च्या वर वेग येतो. पाणी घट्ट नाही, पंखा घसरतो. पंधरा टक्के वजा करा, उरले साडेतेवीस. इंजिन नवं आणि पंखा जुनाच ठेवला तर हे गणित कोसळतं. पिच जास्त झाला की पूर्ण थ्रॉटलला इंजिन ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत चढतच नाही, काळा धूर ओकतं आणि वॉरंटी संपायच्या आत बसतं. चढणीवर टॉप गिअरमध्ये रेटलेला, उसानं भरलेला ट्रॅक्टर ज्यानं ऐकला आहे, त्याला तो आवाज ओळखू येईल. पिच एक इंचानं कमी केला तर फेरे दीड-दोनशेनं वाढतात. म्हणून चाचणी एकच: बोट नेहमीच्या ओझ्यासह भरायची, थ्रॉटल शेवटपर्यंत दाबायचा आणि इंजिनाच्या पाटीवर लिहिलेले फेरे गाठले जातात का ते बघायचं.

शेवटचं नाजूक काम शाफ्ट सरळ रेषेत आणण्याचं. गिअरची आणि शाफ्टची अशा दोन चकत्या समोरासमोर आणतात, बोल्ट न आवळता. मिस्त्री त्यांच्यामध्ये फिलर गेजची पातळ पात वर, खाली, डाव्या आणि उजव्या बाजूला सरकवून बघतो. चकतीच्या व्यासाच्या दर इंचाला एक हजारांश इंच, एवढाच फरक चालतो. चार इंची चकतीला चार हजारांश, म्हणजे कागदाच्या जाडीएवढा. आणि हे माप बोट पाण्यात उतरवल्यावरच घ्यायचं असतं, कारण जमिनीवर टेकूंवर उभा असलेला सांगाडा पाण्यात गेला की किंचित आकार बदलतो.

आपल्या राज्यात हे सगळं हौसेखातर कमी आणि पोटासाठी जास्त चालतं. गळाची हौस आपल्याकडे आहे. पवई तलावाच्या काठी राज्य पातळीवरची गळकऱ्यांची संस्था कित्येक दशकं नांदते आहे, आणि मालवण-गोव्याकडे सुरमई, कुपा, टोळ यांच्यामागे जाणाऱ्या बोटी भाड्यानं मिळतात. पण जुन्या सांगाड्यात नवं इंजिन बसवण्याची खरी शाळा म्हणजे कोकणातली बंदरं. १ जून ते ३१ जुलै हे मासेमारीबंदीचे ६१ दिवस. तेवढ्यात बोट ओढून काठावर घ्यायची, शेवाळ आणि शंख खरवडायचे, फळ्यांच्या फटींतला जुना कापूस उकरून नवा ठोकायचा, काहींनी लाकडावर फायबर चढवायचं, आणि इंजिन खोलायचं. ट्रकच्या घराण्यातलीच इंजिनं समुद्रासाठी सजवून इथे बसतात. रेडिएटरची जागा खाऱ्या पाण्यावर चालणारी शीतव्यवस्था घेते, आणि खारट पाण्यानं महागाचं धातूकाम खाऊ नये म्हणून जस्ताचा स्वस्त तुकडा बळी म्हणून लावतात. गाव कुठलंही असो, ट्रकचं इंजिन समजणारा मिस्त्री सापडतो आणि पार्ट मिळतो. परदेशी देखण्या इंजिनापेक्षा मला हा व्यवहार शहाणपणाचा वाटतो.

इंजिनाच्या निवडीत सरकारचाही हात असतो. १२० एचपीपेक्षा मोठं इंजिन असेल तर डिझेलवरच्या कराचा परतावा मिळत नसे. ही अट काढण्याची घोषणा राज्याच्या २०२३च्या अर्थसंकल्पात झाली. पाण्याच्या आणि पंख्याच्या गणिताइतकाच असा एखादा आकडा बोटीच्या पोटात काय बसेल हे ठरवत असतो.

मग आपलं काय? पूर्णेवरचं येलदरी धरण १९६८ साली पुरं झालं. परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांच्या सीमेवर पसरलेलं ते पाणी मोठं आहे आणि वारा सुटला की तिथेही लाटा उठतात. ढालेगाव, मुदगल, डिग्रसच्या बंधाऱ्यांमुळे गोदावरीतही लांबच लांब पाणी थांबून राहतं. पालमजवळच्या जांभूळबेटाला जायला बोट लागते. एवढं पाणी असून आपली मासेमारी चप्पूवर चालते, ही गोष्ट मला खटकते. इथे बर्ट्रम नको, दोन इंजिनं नकोत, २०० एचपी तर नकोतच. अठरा-वीस फुटांचा जाड, शाबूत फायबरचा जुना सांगाडा आणि दहा ते पंधरा एचपीचं मागे टांगायचं एक इंजिन एका मच्छीमार संस्थेला पुरून उरेल. गोड्या पाण्यात गंज कमी, भरती-ओहोटी नाही. कोकणात निवृत्त झालेली छोटी बोट इथे आणखी बरीच वर्षं काढू शकते.

फक्त दोन गोष्टी ध्यानात असू द्या. बोटीला इंजिन लागलं की ती २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली येते. तपासणी, नोंदणी आणि विमा हे सगळं ओघानं आलं. लाईफ जॅकेट डोईगणिक एक, आणि ते अंगात घातलेलं, बाकाखाली कोंबलेलं नव्हे. संस्थेनं सौदा करायला जाताना हातोडा घेऊन तळ वाजवून बघावा, मागच्या भिंतीला दोनदा जास्त वाजवावं, मालकाला टाकी उघडायला लावावी, आणि इंजिनाच्या किमतीचा विषय सगळ्यात शेवटी काढावा.