जागा शोधणारे झाड

सातिवलीत राहणाऱ्याला तुंगारेश्वरचा डोंगर परका नाही. त्याची एक उतरण मी संगणकावर, ब्लेंडरमध्ये उभी करत होतो. झाडे हाताने लावली की नकळत बाग होते. म्हणून पायथनमध्ये छोटी आज्ञावली लिहिली: वाटेल ती जागा निवड, तिथे झाड ठेव. पहिल्याच खेपेला ऐनाच्या खोडातून खैर उगवला.

उपाय सोपा वाटला. करवंदीच्या जाळीला एक गोल. ऐनाला खोडाभर लहान गोलांची माळ आणि वर शेंड्याचा मोठा गोल. दोन केंद्रांतले अंतर त्रिज्यांच्या बेरजेहून कमी भरले, तर जागा नाकारून दुसरी काढायची. अंतर उंचीसकट मोजायचे, नाहीतर शेंड्याच्या सावलीत करवंद बसायचीच नाही.

मग एका रात्री संगणक अडकला. सकाळपर्यंत एकच झाड जागा शोधत होते. गणित चुकले नव्हते; जागा संपली होती. हंगेरीचे गणिती आल्फ्रेड रेन्यी यांनी १९५८ मध्ये हाच प्रश्न रेषेवर सोडवला. लांब रस्त्यावर सारख्या लांबीच्या मोटारी वाटेल तिथे लावत गेलो, तर सुमारे ७५ टक्के रस्ता भरल्यावर नवी मोटार मावत नाही. फटी उरतात, पण एकही पुरेशी नसते. सपाटीवर सारख्या चकत्या टाकल्या तर हे सुमारे ५५ टक्क्यांवरच घडते. त्याच नीट रचल्या तर ९० टक्के जागा भरते.

आता मी प्रयत्नांना मर्यादा घालतो आणि मोठी झाडे आधी लावतो. वेलींसाठी मात्र तपासणी बंदच ठेवली आहे. त्या खोडाला बिलगूनच चढतात.