पाय अडला की ताल धरा

पार्किन्सन्समध्ये मेंदूत डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. हात थरथरतो हे सगळ्यांना दिसतं. पण चालता चालता पाय जमिनीला खिळून राहतो, हा त्रास घरच्यांनाही पटकन उमगत नाही. उंबऱ्यापाशी, वळताना, गर्दीत तो हमखास होतो. अशा वेळी बाहेरून आलेला ठेका पुष्कळदा कामी येतो. आपोआप उचलला न जाणारा पाय तालावर उचलला जातो.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने 2001 मध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नाचाचा वर्ग सुरू केला. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी 2010 च्या सुमारास असे वर्ग घ्यायला सुरुवात केली. पार्किन्सन्स मित्रमंडळ या रुग्णांच्या गटाचे सभासद त्यात रमले. सुरुवात खुर्चीत बसूनच होते: खांदे, मनगटं, बोटं, मग टाचा. उभं राहणं नंतर, तेही आधार धरून.

कोकणात, मालवणातही असा वर्ग व्हायलाच हवा. तिथल्या दशावतारी नाटकातला मृदंग आणि झांज ऐकत वाढलेल्या माणसाला परक्या संगीताची गरज काय? फुगडीची गिरकी मात्र नको, तोल जातो. वळायचं ते मोठा वळसा घेऊन.

खुर्ची चाकांची नसावी, हातांची असावी. जमीन कोरडी हवी. पावसाळ्यात ओल्या लादीवर वर्ग नकोच. गोळीचा असर चांगला असेल ती वेळ निवडावी आणि डॉक्टरांना आधी विचारावं. नाचामुळे आजार बरा होत नाही, गोळ्या थांबवू नयेत. घरच्या माणसानेही सोबत नाचावं.