'राइट ऑफ' म्हणजे माफ नव्हे

बातम्यांत आणि बँकेत एक इंग्रजी शब्द सारखा कानावर पडतो : 'राइट ऑफ'. 'बँकांनी इतक्या कोटींचं कर्ज राइट ऑफ केलं' असं ऐकलं की गटाच्या बैठकीत हमखास विचारणा होते, "ताई, मग आपणच हप्ता कशाला भरायचा?" म्हणून आज आम्ही या शब्दाची फोड करून सांगणार आहोत.

राइट म्हणजे लिहिणं, ऑफ म्हणजे बंद किंवा बाजूला. पण दोन्ही जोडले की अर्थ निराळाच होतो. आपल्याकडे नाही का, 'पाणी' आणि 'सोडणं' हे साधे शब्द. पण 'पैशांवर पाणी सोडलं' म्हटलं की ते परत मिळण्याची आशा सोडली. राइट ऑफचा पहिला अर्थ हाच.

दुसरा अर्थ मोडीत काढणं. अपघातात गाडीचा इतका चुराडा झाला की दुरुस्ती परवडत नाही, तेव्हा गाडी राइट ऑफ झाली म्हणतात. माणसाबद्दलही म्हणतात. 'तिला राइट ऑफ करू नका', म्हणजे तिच्या हातून आता काही होणार नाही असं ठरवून टाकू नका.

तिसरा अर्थ बँकेचा, आणि आपल्याला तोच नीट कळायला हवा. कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत धरतात. बँक आपल्या नफ्यातून त्यासाठी तरतूद करते आणि पुढे ते कर्ज ताळेबंदातून काढते. मराठीत याला निर्लेखन म्हणतात. हा बँकेचा स्वतःचा हिशेब झाला. कर्जदाराचं देणं तसंच राहतं आणि वसुलीही चालू राहते.

माफी वेगळी. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत शेतकऱ्यांचं २ लाखांपर्यंतचं थकलेलं पीककर्ज शासनाने भरलं. तिथे शेतकऱ्याचं देणं खरोखर फिटलं.

तेव्हा 'तुमचं कर्ज राइट ऑफ झालंय, आता भरू नका' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शाखेत जाऊन बाकी किती ते लेखी मागा. कर्ज फेडलं की 'नो ड्यूज'चा दाखला घ्या आणि गटाच्या फाईलला लावा. सिबिल, क्रिफ हायमार्क, इक्विफॅक्स आणि एक्सपेरियन या चार कंपन्यांकडे आपल्या कर्जांची नोंद असते. प्रत्येकीकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो. त्यात 'रिटन ऑफ' असा शेरा दिसला, तर पुढचं कर्ज मिळणं अवघड होतं.

पुढच्या बैठकीत हा शब्द फळ्यावर लिहा आणि तिन्ही अर्थ एकमेकींना सांगा. हप्त्याची तारीखही शेजारीच लिहा.