उललेल्या हातापायांसाठी घरचे मेणतेल

दिवाळी उलटली आणि उत्तरेकडील कोरडा वारा वाहू लागला, म्हणजे खानदेशातील शेतकऱ्याच्या घरात एक तक्रार दरसाल ऐकू येऊ लागते. कापूस वेचणाऱ्या बायांची बोटे उलतात, रात्री गव्हास व हरभऱ्यास पाणी भरणाऱ्या गड्यांच्या टाचांस भेगा पडतात आणि लहान मुलांचे गाल खरखरीत होतात. जळगाव व धुळे ह्या दोन्ही जिल्ह्यांत थंडी बेताची नसते. शिवाय ह्या दिवसांत हवेत ओलावा फारच थोडा असतो. वेचणीच्या बाईचे दुःख निराळेच आहे. सुकलेल्या बोंडाची टोके बोटांच्या अग्रांस सारखी टोचत असतात आणि आधीच कोरडी झालेली कातडी त्याने चिरत जाते. ही पीडा किरकोळ समजून आपण तिकडे काणाडोळा करितो. परंतु भेगेत शेणामातीचा शिरकाव झाला, म्हणजे पाय सुजतो, ऐन हंगामात माणूस आठ-आठ दिवस घरी बसतो, आणि मधुमेह असलेल्या गृहस्थाच्या बाबतीत तर पायावर बेतल्याची उदाहरणे आपल्या सर्वांच्या पाहण्यात आहेत. ह्या पीडेवर घरच्या घरी करता येण्याजोगा उपाय कोणता आणि कोणता उपाय निव्वळ फसवा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम कातडी का फुटते हे पाहू. आपल्या काळ्या जमिनीस उन्हाळ्यात भेगा का पडतात, हे शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. जमिनीतील ओल उडाली की माती आकसते आणि फाटते. कातडीच्या सर्वांत वरच्या पदराचेही तसेच आहे. हा पदर मृत पेशींचा असून त्यात काही अंश पाणी मुरलेले असते आणि त्या पेशींच्या दरम्यान निसर्गाने स्निग्ध पदार्थाचा लेप दिलेला असतो. कोरडा वारा, कढत पाण्याची स्नाने, धुण्याचा सोडा व कडक साबण ह्यांनी तो लेप निघून जातो, पाणी उडून जाते आणि कातडी ताठर होऊन चिरते. तेव्हा मऊपणा जो येतो तो मुळात पाण्याने. तेलाचे काम ते पाणी धरून ठेवण्याचे. केळीच्या बागेत आपण पाचोळ्याचे आच्छादन घालतो, त्याने ओल टिकते. पण कोरड्या ठणठणीत रानावर आच्छादन पसरले म्हणून त्यात ओल उत्पन्न होत नाही. पुष्कळ लोक नेमकी हीच चूक करितात. दिवसभर उन्हात तापलेल्या, धुळीने भरलेल्या कोरड्या टाचेवर तेल चोपडतात आणि गुण आला नाही म्हणून तेलास दोष देतात.

आधी पाणी आणि मग तेल, हा क्रम किती महत्त्वाचा आहे ह्याचा सर्वांत भक्कम दाखला कुष्ठरोग्यांच्या शुश्रूषेत सापडतो. ह्या रोगात पायाची संवेदना जाते, घामही येईनासा होतो, त्यामुळे तळवे वाळून फुटतात आणि न दुखणाऱ्या भेगेतून जखमा होतात. अशा रोग्यास कुष्ठसेवेत काम करणारे लोक एकच नित्यनेम शिकवितात: पाय सुमारे २० मिनिटे साध्या पाण्यात बुडवून ठेवावयाचे, जाड झालेली कातडी खरबरीत दगडाने हलकेच घासावयाची, आणि पाय ओलसर असतानाच तेल लावावयाचे. ह्यात महाग औषध एकही नाही. एवढ्या साध्या नेमाने संवेदना गेलेले पाय जखमांपासून वाचतात, तर धडधाकट माणसाच्या टाचा त्याने सुधाराव्यात ह्यात नवल नाही.

आता तेल कोणते घ्यावे? ह्या बाबतीत खानदेश भाग्यवान आहे. भुईमूग, तीळ, करडई, सरकी ही तेलबीजे आपल्या परिचयाची आहेत. प्रस्तुत लेखकाचा कल घाण्यावरील तिळाच्या तेलाकडे आहे. तिळात तेल खवट होऊ न देणारी द्रव्ये स्वभावतःच असतात, म्हणून ते पुष्कळ दिवस टिकते. करडईचे तेल अंगास लावण्यास हलके आणि उत्तम. त्यात लिनोलिक नावाचे स्निग्धाम्ल सुमारे तीन चतुर्थांश असते आणि कातडीच्या नैसर्गिक लेपास ते मानवते. पण तेच तेल लवकर खवटते, सबब थोडेच काढून लवकर संपवावे. भुईमुगाचे तेल चालते. सरकीचे मात्र शुद्ध केलेलेच घ्यावे, कारण कच्च्या तेलात गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते. मोहरीचे तेल झोंबते. लहान मुलांच्या नाजूक कातडीस ते लावू नये. कोकणातील लोक भेगांवर कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, ज्यास तिकडे भिरंडेल म्हणतात, ते लावितात. ते फार गुणकारी आहे. मात्र आपल्या वैशाखात ते डबीतच पातळ होऊन बसते.

नुसते तेल लावले तर ते अंथरुणास व धुळीस अधिक लागते, टाचेस कमी. म्हणून त्यात मेण घालावयाचे. मेण व तिळाचे तेल ह्यांचे मिश्रण आयुर्वेदात सिक्थतैल ह्या नावाने प्रसिद्ध आहे आणि रोमन साम्राज्यातील गेलन नावाच्या वैद्याच्या नावाने, दुसऱ्या शतकापासून, जो लेप सांगितला जातो त्यातही मेण व ऑलिव्हचे तेलच आहे. मधमाशीचे मेण सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत मध काढणाऱ्यांकडून मिळू शकते. पोळ्याचा चोथा पाण्यात घालून मंद आचेवर वितळवावा, जाड फडक्यातून गाळावा आणि रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी मेणाची वडी पाण्यावर तरंगते. तिच्या तळाशी चिकटलेला गाळ सुरीने खरवडून टाकावा व हीच क्रिया पुन्हा एकदा करावी. भांडे स्टीलचे असावे, लोखंडी वा तांब्याच्या भांड्यात मेण काळवंडते. बाजारातून विकत घेतल्यास ते मेणबत्तीचे मेण नाही ना, हे पाहून घ्यावे. खरे मेण हाताच्या उबेने मळता येते, त्यास मधाचा वास असतो आणि तोडल्यास कड दाणेदार दिसते.

कृती अशी. दोन तोळे, म्हणजे सुमारे २३ ग्रॅम, मेण किसून घ्यावे. दहा तोळे, म्हणजे सुमारे ११७ ग्रॅम, तिळाचे तेल मोजावे. दोन्ही एका कोरड्या वाटीत घालून ती वाटी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवावी. मेण ६२ ते ६५ अंश सेल्सियसच्या सुमारास वितळते, तेव्हा पाण्याच्या उष्णतेने काम सहज होते. वाटी थेट चुलीवर मुळीच ठेवू नये. एकदा आमच्या घरी घाईने तसे केले तेव्हा मेण भडकले आणि स्वयंपाकघराची भिंत काळी झाली ती अद्याप तशीच आहे. मेण पूर्ण विरघळल्यावर थेंबभर मिश्रण थंड ताटलीवर टाकून पाहावे. फार घट्ट वाटल्यास थोडे तेल, पातळ वाटल्यास थोडे मेण घालावे. उन्हाळ्याकरिता तेल दहाऐवजी आठ तोळे पुरते. एक तोळा तेलाऐवजी एरंडेल घातल्यास मलम अधिक चिवट होते व टाचेवर बराच वेळ टिकते. नंतर उन्हात वाळविलेल्या कोरड्या डब्यांत ओतून, निवेपर्यंत झाकण न लावता ठेवावे. झाकण लवकर लावल्यास आतून वाफ धरते आणि पाण्याचा थेंब मलमात उतरतो.

पाण्याच्या थेंबाची एवढी धास्ती का, असे कोणी विचारील. ह्यातच घरगुती मलमाचे मर्म आहे. आजकाल कोरफडीचा गर, गुलाबपाणी, दूध, केळ्याचा गर असे नाना पदार्थ तेलात घोटून मलई करण्याची हौस पसरली आहे. प्रस्तुत लेखकानेही कोरफडीचा गर घालून एक बरणी केली होती. दिसावयास ती पांढरीशुभ्र व सुरेख होती. सहाव्या दिवशी तिच्यावर हिरवट बुरशी आली. निव्वळ तेल व मेण ह्यांत जंतू वाढत नाहीत, कारण तेथे पाणी नाही. पाणी मिसळले की जंतूंस घर मिळते आणि कारखानदार जी टिकाऊ द्रव्ये घालितात ती आपल्या स्वयंपाकघरात नसतात. बुरशी डोळ्यांस दिसण्यापूर्वीच जंतू वाढलेले असतात आणि तीच मलई आपण फुटलेल्या कातडीत चोळतो. कोरफड लावावयाचीच असेल तर पान तोडून ताजा गर लावावा, उरलेला टाकावा आणि त्यावर मेणतेल लावावे. पाणी अंगावर असावे, डबीत नसावे.

आपल्या जुन्या पद्धतीतील शतधौत घृत ह्यास अपवाद वाटेल. गाईचे तूप तांब्याच्या भांड्यात शंभर वेळा पाण्याने घोटून धुतात, तेव्हा ते लोण्यासारखे पांढरे व थंड होते. चरकसंहितेत त्याचा उल्लेख आहे. ओठ व गाल ह्यांस ते फार सुखावह असते ह्यात शंका नाही. परंतु त्यातही पाणी राहतेच, म्हणून थोडेच करून लवकर संपवावे हे बरे. ताज्या भाजल्यावर मात्र ते लावू नये. तेथे आधी २० मिनिटे थंड पाण्याची धार धरावी.

मेणतेल रात्री निजताना लावणे उत्तम. पाय धुवून किंवा पाण्यात बुडवून, पाणी नुसते टिपून घ्यावे आणि ओलसर टाचेवर पातळ थर चोळावा. वर जुने सुती मोजे घातल्यास अंथरूण खराब होत नाही. बोटांच्या बेचक्यांत ते लावू नये, तेथे चिखल्या वाढतात. मधुमेही माणसाने पाय फार वेळ पाण्यात ठेवू नयेत व टाच दगडाने घासू नये. धुवून, बेचके कोरडे करून मलम लावावे आणि भेग खोल असेल, रक्त वा पू येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. लिंबाचा रस टाचेस चोळण्याचा उपाय कित्येक सुचवितात. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले की ती भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. लिंबाच्या बागेत तोडणी करणाऱ्यांस ह्याचा अनुभव येतो.

आणखी एक सूचना विशेष निकडीची आहे. मेणतेल हे फवारणीच्या विषापासून संरक्षण नव्हे. २०१७ सालच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करिताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. कीटकनाशके कातडीतूनही शरीरात शिरतात, फुटलेल्या कातडीतून तर अधिकच. म्हणून हात उललेल्या माणसास फवारणीस पाठवू नये. हातमोजे वापरावेत आणि साबणाने स्वच्छ धुतल्यावाचून हातास मलम लावू नये.

खरे सांगावयाचे तर बाजारातील साधे व्हॅसलीनही हेच काम तितकेच चांगले करते. अमेरिकेतील चेसब्रो ह्या गृहस्थाने १८७२ साली त्याचा हक्क नोंदविला, तेव्हापासून ते जगभर चालले आहे. ज्यास घरी खटपट करावयाची नाही त्याने ते आणावे. घरच्या मेणतेलाचा लाभ असा की तेल आपल्या घाण्याचे आहे आणि ते सढळ हाताने वाटता येते. आपल्या घरची माणसे डबी विकत घेतील. वेचणीस येणारी बाई बहुधा घेत नाही. वेचणीच्या दिवसांत शेतावरील खोलीत एक घमेले पाणी, एक साबणाची वडी आणि एक डबा मेणतेल एवढे ठेवावे, आणि संध्याकाळी वजन झाल्यावर बायांस हात धुवून ते लावावयास सांगावे. एका वेळी ५०० ग्रॅम मेण व अडीच किलो तेल घेतल्यास तीन किलो मलम होते. मात्र कोणी ते विकावयाचे मनात आणील, तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यान्वये त्यास परवाना लागतो, हे ध्यानात ठेवावे. डब्यावर केल्याची तारीख लिहावी, डबा उन्हापासून दूर ठेवावा, आत ओले बोट घालू नये, आणि तेलास खवट वास येऊ लागताच उरलेले मलम बैलगाडीच्या कण्यास किंवा दाराच्या बिजागरीस वापरून टाकावे.