साहेबाचे घड्याळ आणि टोळीचा कायदा

१९२८ साली जगाच्या दोन टोकांना एकच प्रश्न पेटलेला होता. मुंबईत एप्रिल ते ऑक्टोबर असे सहा महिने गिरण्या बंद होत्या आणि सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. भांडण मजुरीचे होतेच, पण कामाच्या पद्धतीचेही होते. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, सूतखात्यातल्या कामगाराने साच्याच्या एका बाजूऐवजी दोन्ही बाजू बघाव्यात, अशा ‘कार्यक्षमता योजना’ मालकांनी आणल्या होत्या आणि ससून गटाच्या गिरण्या त्यात आघाडीवर होत्या. त्याच वर्षी शिकागोजवळच्या सिसेरोमध्ये, वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात, पाच मुली एका वेगळ्या खोलीत बसून टेलिफोनचे रिले जोडत होत्या. प्रत्येक रिले पुरा झाला की कागदी पट्टीवर एक भोक पडे. त्यांना मधली सुट्टी कधी द्यावी, किती मिनिटांची द्यावी, दिवस कधी संपवावा, हे बदलून बदलून पाहिले जात होते.

तेवढ्याच हातांकडून जास्त काम कसे घ्यायचे, हा दोन्हीकडचा प्रश्न. मुंबईत हुकूम निघाला. हॉथॉर्नमध्ये विचारपूस झाली. संस्थेतल्या माणसांच्या वागण्याचा अभ्यास, जो आज प्रत्येक एमबीएच्या पहिल्या वर्षाला असतो, तो या दोन वाटांच्या मधूनच वाढला. त्याचा सगळा इतिहास चाळल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे: काम टोळी करते, आणि व्यवस्थापन मात्र सुट्या माणसाला मोजत बसते. घोळ तिथेच होतो.

सुरुवात फ्रेडरिक टेलरपासून करायची प्रथा आहे आणि ती योग्य आहे. त्याचे ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट’ १९११चे. बेथलेहेम स्टीलमध्ये कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाहणारा मजूर दिवसाला साडेबारा टन वाहत होता, तो आपल्या पद्धतीने साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला आणि त्याची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलरवर गेली, ही टेलरने सांगितलेली कथा. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीच्या थोडी वर! हा हिशेब टेलरला खटकला नाही. पण टेलरला उठता बसता शिव्या घालणारे एक गोष्ट विसरतात. तो स्वतः कारखान्यात मुकादमी करून वर आला होता, आणि कामगार मुद्दाम हात आखडता घेतात त्याचे कारण त्याला नेमके ठाऊक होते. नगावर मजुरी असली आणि नग वाढले, की मालक नगाचा दर कापतो. म्हणून सगळे मिळून वेग ठरवतात. निदान अचूक होते. उपाय म्हणून त्याने टोळी फोडली, प्रत्येकाला वेगळे उभे केले आणि शेजारी घड्याळ ठेवले. १९११मध्येच वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रशाळेत ओतकाम करणाऱ्यांनी घड्याळ दिसताच काम टाकले. प्रकरण अमेरिकी काँग्रेसपर्यंत गेले, आणि पुढे सरकारी शस्त्रशाळांत अशी वेळमोजणी करायला पैसे देणेच बंद झाले.

आपल्याकडे टोळीला चेहरा होता: जॉबर. मुंबईच्या गिरणीत माणूस भरायचा तो जॉबरने, काढायचा तोही त्यानेच. रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेला गडी गाववाल्या जॉबरच्या ओळखीवर खात्यात शिरे, आधी बदलीवाला म्हणून रोज सकाळी दाराशी उभा राही आणि जागा पक्की होण्यासाठी दस्तुरी देई. बायकांच्या खात्यात हेच काम नायकिणी करत. १९३१च्या शाही मजूर आयोगाने जॉबरला खलनायक ठरवले, आणि लाचखोरीपुरते ते खरेही होते. राजनारायण चंदावरकरांसारख्या इतिहासकारांनी मात्र दुसरी बाजू दाखवली. जॉबरची सत्ता गिरणीच्या दारापुरती नव्हती. ती चाळीत, खानावळीत, गावच्या उसनवारीत रुतलेली होती आणि माणसे फिरली तर तोही उघडा पडे. अशा जाळ्यावर वरून ‘तीन माग’ आदळले, तेव्हा विणकराने फक्त स्वतःच्या दमणुकीचा विचार केला नाही. तीन माग म्हणजे खात्यातली माणसे कमी, म्हणजे आपल्या भावाची बदलीही गेली. सूत हलके असले तर धागा जास्त तुटणार, कापड बिघडणार आणि बिघडलेले कापड त्याच्याच गळ्यात मारून पगारातून पैसे कापले जाणार, हीही तेव्हाची रीत होती. साहेबाच्या कागदावर यातले काहीच नव्हते.

हॉथॉर्नकडे परत येऊ. तिथे उजेडाच्या प्रयोगांपासून, म्हणजे १९२४पासून, १९३२पर्यंत जे झाले त्याची पाठ्यपुस्तकी गोष्ट सर्वांना माहीत असते: दिवे वाढवले तरी काम वाढले, कमी केले तरी वाढले, कारण आपल्याकडे कोणी लक्ष देते आहे याचाच कामगारांना आनंद. गोष्ट गोड आहे, पण पुरावा कच्चा आहे. उजेडाच्या प्रयोगांचे जुने आकडे शोधून स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट यांनी २०११मध्ये पुन्हा तपासले, तेव्हा तो चमत्कार त्यांना जवळपास सापडलाच नाही. रिले जोडणाऱ्या पाच मुलींचे उत्पादन वाढले हे खरे. पण त्यातल्या दोघी फार बोलतात, ऐकत नाहीत म्हणून मधेच बदलल्या गेल्या होत्या, आणि त्यांची मजुरीही त्या लहान गटाच्या उत्पादनाला बांधलेली होती. एवढे केल्यावर उत्पादन वाढले तर नवल कसले? एल्टन मेयो या प्राध्यापकांनी त्यातून माणुसकीचा संदेश काढला आणि व्यवस्थापकांनी तो आनंदाने उचलला, कारण त्यात पगार वाढवायचा नव्हता.

मला त्या कारखान्यातली दुसरी खोली जास्त महत्त्वाची वाटते. १९३१च्या नोव्हेंबरपासून साधारण सहा महिने चौदा पुरुष कामगारांना एका खोलीत बसवून नुसते पाहिले गेले. नऊ जण तारा जोडणारे, तिघे डाग देणारे, दोघे तपासनीस. दिवसाला किती जोडायचे याचा आकडा त्यांच्यातच ठरलेला होता. कंपनीचे लक्ष्य त्याच्या वर होते आणि पैसेही त्याप्रमाणे मिळणार होते. तरी कोणी त्या आकड्यापुढे धावू लागला, की शेजारचा त्याच्या दंडावर एक गुद्दा हाणी. फार कमी करणाऱ्यालाही टोमणे बसत. मुकादमाला चहाडी करणारा सगळ्यात वाईट. एखाद्या दिवशी जास्त झालेले नग दडवून दुसऱ्या दिवशीच्या हिशेबात धरले जात. म्हणजे टेलरने जे मोडायचा चंग बांधला होता, ते वीस वर्षांनी जसेच्या तसे उभे होते. मंदीचे दिवस होते. काम लवकर संपवणे म्हणजे आपल्याच नोकरीवर धोंडा, हे त्या चौदा जणांना कळत होते.

याच कारखान्याने वीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती घेतल्या आणि पुढे १९३६पासून वीस वर्षे समुपदेशक नेमले. समुपदेशकाने तक्रार शांतपणे ऐकायची. तिच्यावर काही करायचा अधिकार मात्र त्याला नाही. आजच्या कंपन्यांतल्या निनावी कर्मचारी सर्वेक्षणांचे कुळ इथे सापडते.

आता अहमदाबाद. या साऱ्या कहाणीत मला सर्वांत शिकण्यासारखी जागा हीच वाटते. १९१८च्या संपात गांधीजी आणि अनसूयाबेन साराभाई कामगारांच्या बाजूला होते, तर अनसूयाबेनचे सख्खे भाऊ अंबालाल मालकांच्या बाजूला. त्यातून १९२०मध्ये मजूर महाजन उभे राहिले. अंबालालांचा मुलगा गौतम कॅलिको मिल चालवत असताना १९५३मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे आले. त्याच कंपनीच्या ज्युबिली मिलच्या मागखात्यात नवे स्वयंचलित माग बसले होते. यंत्रे उत्तम, कामाची शास्त्रशुद्ध मोजणी करून नेमलेली माणसे, आणि तरीही उत्पादन आणि कापडाचा दर्जा अपेक्षेच्या खाली.

राइसने खाते बघितले. माग २२४, माणसे २९, कामाचे प्रकार बारा. विणकर वेगळा, कांड्या भरणारा वेगळा, एकदम बरेच धागे तुटले तर सांधणारा वेगळा, शिवाय जॉबर, तेलवाला, झाडूवाला. घड्याळ लावून प्रत्येकाच्या वाट्याला किती माग येतात ते काढले होते, आणि ते आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. एका विणकराकडे २४ किंवा ३२ माग. कांड्या भरणाऱ्याकडे चाळीस-पन्नास. सांधणाऱ्याकडे त्याहून जास्त. म्हणजे विणकराच्या मागाशी कोण कधी येईल, आणि आलेला माणूस त्याच वेळी दुसऱ्या कुणाचा असेल, याचा पत्ता नाही. माग थांबला तर दोष कोणाचा? सगळ्यांचा आणि कुणाचाच नाही. टोळी नावाची चीजच तिथे उरली नव्हती.

राइसने सुचवले ते साधे होते. मागांचे गट पाडा, आणि प्रत्येक गट सात जणांच्या एका टोळीकडे द्या; आतली वाटणी त्यांची त्यांनी बघावी. खात्यातल्या माणसांनी आणि मुकादमांनी ती कल्पना उचलली आणि कोण कोणाबरोबर काम करणार याच्या याद्या स्वतःच केल्या. बाहेरच्या तज्ज्ञाला अपेक्षा नव्हती इतक्या झपाट्याने हे झाले. सुरुवातीला गडबड झाली. नंतर घडी बसली, तेव्हा मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली आणि कापडातली खराबी सुमारे एक तृतीयांशाने उतरली. राइसचे पुस्तक १९५८चे.

पुढचा भाग पुस्तकांतून सहसा गाळला जातो. राइसचे सहकारी एरिक मिलर १९७०च्या सुमारास पुन्हा अहमदाबादला गेले, तेव्हा एका ठिकाणी ती पद्धत जवळपास तशीच टिकली होती. इतरत्र विरत गेली होती. बाजाराला वेगवेगळ्या प्रकारचे कापड हवे झाले, दडपण वाढले, आणि वरचे साहेब पुन्हा थेट एकेका मागाकडे लक्ष घालू लागले. टोळीला स्वतःचे घर सांभाळायला कुंपण लागते आणि ते वरच्याने राखायचे असते. तो ढिला पडला की पंधरा वर्षांत सारे पूर्वपदावर.

मधल्या काळातल्या नामांकित सिद्धांतांवरून मी भरभर जातो. मास्लोच्या गरजांची चढण १९४३ची (तो प्रसिद्ध पिरॅमिड त्याने स्वतः काढलेलाच नव्हता). मॅक्ग्रेगरची एक्स आणि वाय ही दोन गृहीतके १९६०ची. स्लाइडवर ही छान दिसतात. भारतीय विद्वानांत जय बी. पी. सिन्हा यांनी १९८०मध्ये मांडलेला ‘जिव्हाळा लावून काम घेणारा’ नेता मात्र ओळखीचा वाटतो. आधी मायेने आणि शिस्तीने धरायचे, माणूस तयार झाला की मोकळीक द्यायची. आपल्या कचेऱ्यांत यातला पहिला अर्धा भाग फार आवडीने पाळला जातो.

उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी १९७५च्या सुमारास लार्सन अँड टुब्रोसाठी मनुष्यबळ विकासाची जी घडण आखली, ती देशातली पहिली मानली जाते. कामगिरीचा आढावा माणसाला वाढवण्यासाठी वापरावा, साहेबाने हाताखालच्याशी बसून बोलावे, ही त्यातली कळीची गोष्ट. पुढे बहुतेक ठिकाणी ‘पर्सोनेल’ची पाटी उतरून ‘एचआर’ची लागली आणि आढावा मात्र पगारवाढीच्या टक्क्यांत अडकला. मग आला बेल कर्व्ह. जॅक वेल्श यांच्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये वरचे २० टक्के, मधले ७०, तळाचे १० अशी विभागणी होती; जगभर तिची नक्कल झाली. हिंजवडीतल्या एखाद्या टीममध्ये दहाही जण उत्तम असले तरी एकाला तळाशी ढकलायचे, तर कोण कोणाला मदत करील? मायक्रोसॉफ्टने २०१३मध्ये ही सक्तीची उतरंड सोडून दिली.

आणि आता रस्त्यावर पाहा. घरपोच जेवण आणणाऱ्या मुलाच्या खिशात टेलरचे घड्याळ आहे. तुकड्यावर मजुरी आहे, दर कधी आणि का बदलला हे सांगणारा मुकादमही नाही. तरी ही मुले सिग्नलपाशी, हॉटेलच्या दाराशी थांबतात आणि व्हॉट्सॲपच्या गटावर कोणती ऑर्डर घ्यावी, कोणती सोडावी ते एकमेकांना कळवतात. चौदा जणांच्या खोलीतला कायदा तिथे पुन्हा लिहिला जातो आहे. स्पेनने २०२१मध्ये कायदा करून कामाचे नियम ठरवणाऱ्या ॲपमागच्या गणिताची माहिती कामगार प्रतिनिधींना देणे कंपन्यांवर बंधनकारक केले.

ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत अशा वाचकांना एक विनंती. मार्चअखेर आढाव्याचे फॉर्म येतील. ते भरण्याआधी सगळ्या टीमला एकत्र बसवून विचारा, की या कामाची वाटणी तुमच्यावर सोडली तर तुम्ही ती कशी कराल. जे सांगतील त्यातले निदान एक तरी त्याच महिन्यात करा, आणि वरून दडपण आले तरी ते मोडू नका. तेवढे करायची तयारी नसेल, तर विचारूही नका.