एक नोंद, अनेक उतारे

सातबाऱ्याचा उतारा आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. मूळ नोंद महसूल दप्तरात असते. आपल्या घरी असतो तो तिचा उतारा. फेरफार मंजूर झाला की मूळ नोंद बदलते, पण पेटीतला कागद जुना तो जुनाच राहतो. आता कल्पना करा, दप्तरात फेरफार पडताच घरातल्या कागदावरचा मजकूरही आपोआप बदलला, तर! मोबाईल आणि संगणक यांच्यामध्ये ज्याला ‘सिंक’ म्हणतात, ते नेमके हेच काम आहे. आपण त्याला मराठीत ‘मेळ घालणे’ म्हणू.

१९९६ साली पाम पायलट नावाचे खिशात मावणारे टिपणयंत्र निघाले. ते एका बैठकीवर ठेवून कळ दाबली, की त्यातली टिपणे आणि संगणकातली टिपणे यांचा मेळ बसे. आज बैठक नको, तारही नको. आपण फोनवर एक खाते उघडतो. त्या खात्याची मूळ वही दूरच्या मोठ्या संगणकात, म्हणजे सर्व्हरवर असते. फोनवर एखादा नंबर नोंदवला, की इंटरनेट मिळताच ती नोंद मूळ वहीत जाते. आणि तेच खाते उघडलेल्या संगणकावर तिथून उतरते. रेंज नसेल तर नोंद फोनमध्येच वाट पाहत थांबते.

मात्र सगळेच असे प्रवास करीत नाही. नंबर, दिनदर्शिकेतल्या तारखा, ब्राउझरमध्ये खूण करून ठेवलेली पाने, जतन केलेले परवलीचे शब्द ही मंडळी जातात. आवाज किती मोठा, पडदा किती उजळ, हे ज्या त्या यंत्राचे त्याच्यापाशीच राहते. व्हॉट्सॲपचा तर संसारच निराळा. त्याला संगणक स्वतंत्रपणे जोडावा लागतो आणि मूळ फोन चौदा दिवसांहून अधिक काळ वापरला नाही, तर ती जोडणी तुटते.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. मेळ म्हणजे राखण नव्हे! पुष्कळांचा इथेच घोटाळा होतो. फोनमधला नंबर पुसलात, तर ते पुसणेही मेळात जाते आणि संगणकावरचा नंबरही नाहीसा होतो. गूगलच्या खात्यात पुसलेला नंबर तीस दिवस कचरापेटीत असतो. तेवढ्यात परत घेतला तर घेतला. म्हणून मोलाच्या गोष्टींची वेगळी प्रत ठेवावी ती ठेवावीच.

शिक्षक बंधुभगिनींना याचे महत्त्व अधिक आहे. टेंभुर्णीच्या माढा तालुक्यातच परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा आहे. तिथे रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. फोन आता वर्गातली नवलाई राहिलेला नाही. पण शाळेच्या संगणकावर खाते कोणाचे असते? समजा, एका गुरुजींचे स्वतःचे आहे. मग त्यांच्या घरचे नंबर आणि परवलीचे शब्द मुलांच्या हाताखालच्या यंत्रावर येऊन बसतात. उद्या गुरुजींची बदली झाली, की त्या खात्याबरोबर पालकांचे नंबर आणि शाळेच्या तारखाही नव्या गावाला जातात. मागे राहते ते रिकामे यंत्र!

तेव्हा शाळेचे खाते शाळेच्याच नावाने असावे, आणि चार्ज देताना कपाटाच्या किल्लीबरोबर त्याची किल्लीही नोंद करून सोपवावी. बाजारात नवा फोन घेताना दुकानदार म्हणतो, “द्या इकडे, मीच खाते उघडून देतो.” त्याला उघडू द्या, हरकत नाही, पण नंबर आपला घाला आणि परवलीचा शब्द स्वतः टाइप करा. फोन विकताना आपले खाते आधी काढून घ्या, मगच तो दुसऱ्याच्या हाती द्या.

उतारे कितीही निघोत, श्रोतेहो. मूळ नोंद कोणाच्या नावावर आहे, हे आधी पाहावे. जमिनीच्या बाबतीत हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. फोनच्या बाबतीतही तेवढीच दक्षता हवी.