बाड्यापासून मैदानापर्यंत

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर खरेदीस जाणाऱ्या भगिनींनी एकदा कंपूची वाट धरावी. तेथे २००६ साली राज्य महिला हॉकी अकादमी स्थापन झाली. तिच्यात घडलेल्या मणिपूरच्या सुशीला चानू २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये भारताच्या कर्णधार होत्या. महिला संघाला ३६ वर्षांनी लाभलेल्या त्या संधीत एकही विजय मिळाला नाही. परंतु २०२१ साली टोकियोत, सुशीलाही ज्यात होत्या त्या संघाने उपांत्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियाला १-० असे नमविले व अखेर चौथे स्थान मिळविले. विजयाची परंपरा पराभव पचवूनच घडते. राणी लक्ष्मीबाईंची समाधी ज्या नगरीत आहे, तेथील मराठी घरांनी तरी कन्येच्या हाती हॉकीची काठी देताना कचरू नये.